जस्सी, बाजसिंगचं काम

मोहाली, रविवार रात्र

प्रिय जस्सी,

सत श्री अकाल. दोन वर्षं झाली, ना फोन ना काही. तुझे मेसेज दिसायचे आणि उद्या बोलू, परवा बोलू करत राहिलो. तब्येत ठीक, शुगर निघालीय, गोळी चालू आहे, तो विषय नको.

आज चप्पडचिडीला गेलो होतो. चार वर्षं इथं राहतोय पण बंदासिंग बहादूरच्या विजयाचं स्मारक, फतेह बुर्ज, कधी आतून पाहिला नव्हता, सोहमला शाळेतून त्यावरच प्रोजेक्ट मिळालं म्हणून गेलो. आठकोनी मनोरा आहे, वर घुमट आणि त्यावर खंडा, म्हणजे दुधारी तलवार, 328 फूट. कुतुबमिनार 238. आणि बंदासिंगला 1716 मध्ये मारलं ते तिकडंच, कुतुबच्या जवळ मेहरौलीत. हे सोहमला सांगताना माझाच आवाज बसला.

आवारात टेकाडांवर पुतळे आहेत, बंदासिंग आणि त्याचे पाच सरदार. सोहम एकेक नाव वहीत उतरवत होता, फतेहसिंग, रामसिंग, अलीसिंग... तो पुढच्या पुतळ्यापाशी पोचायच्या आधीच मी म्हणालो, मालीसिंग. तो बघतच राहिला, बाबा तुला कसं माहीत? काय सांगू त्याला? नववीत तुझ्या बंदासिंगच्या नाटकाचे पार्ट तू वाटले होतेस म्हणून.

तू डायरेक्टर, तूच बंदासिंग, नगाराही तूच वाजवणार, बाकीच्यांनी नुसतं लढून मरायचं! चार दिवस तालीम झाली आणि पाचव्या दिवशी मी वर्गात उभा राहून म्हणालो की हे सगळं थापा आहे, आपल्या नदीकाठचा एक बैरागी तिकडं पंजाबात जाऊन नवाबाला हरवतो होय, तोफा-हत्तींसमोर? सगळे हसले, सरांनी नाटक काढून टाकलं. तू बंदाघाटावर बसून वहीचं एकेक पान गोदावरीत सोडलंस, मी वरच्या पायरीवरून बघत होतो, खाली आलो नाही. मग सहामाहीपर्यंत आपण बोललो नाही. पुढं बोलायला लागलो पण तो विषय दोघांनीही परत काढला नाही.

जस्सी, ते खरं होतं रे. माधोदास, म्हणजे पुढचा बंदासिंग, आपल्याच नांदेडला मठ करून होता, 1708 ला गुरू गोविंदसिंगजींनी त्याला पाच बाण देऊन पाठवलं, आणि दोन वर्षांच्या आत, 12 मे 1710 ला, याच रानात सरहिंदचा नवाब वजीरखान पडला. तोफा नव्हत्या बंदासिंगाकडं, बरोबर शेतकरी माणसं होती. जिंकल्यावर कसणाऱ्यालाच जमीन दिली. तुझ्या नाटकाचा शेवट तोच होता ना? तेव्हा मला वाटलं होतं तू मनानंच लिहिलंयस. बंदाघाटावर पोहायला शिकलो मी, आणि घाटाचं नाव कुणाचं हे कधी विचारलं नाही.

आणि साहिबजादे, गुरूजींची धाकटी मुलं. ज्या वजीरखानानं त्यांना सरहिंदला भिंतीत चिणलं, त्यातला जोरावरसिंग नऊ वर्षांचा होता, फतेहसिंग त्याहून लहान. आपला सोहम नऊचा आहे. तो वहीत वय लिहीत होता आणि लिहिता लिहिता थांबला. माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही.

आता खरं कारण सांगतो, पंचवीस वर्षं पोटात आहे. मला ते थापा वाटलं म्हणून नव्हतो बोललो. मला बंदासिंग व्हायचं होतं, तू मला सरदार बाजसिंग दिलास. एवढंच. आणि आज कळतंय की जिंकल्यावर सरहिंदचा सुभेदार बाजसिंगालाच केला होता. चांगला पार्ट तू मलाच ठेवला होतास, आणि मी तुझं नाटक मोडलं. चुकलो यार.

दुकान कसं चाललंय? सिमरनची बारावी झाली ना, पुढं काय घेतलंय तिनं? आईंना पाया पडतो सांग, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणावं आता.

सोहमच्या प्रोजेक्टमध्ये शेवटचं पान नांदेडचं हवंय आणि मला दोन ओळींच्या पुढं लिहिता येईना. मे महिन्यात अंबाल्याहून सचखंड एक्सप्रेस धरून येतोय, तिकीट काढलंय. त्याला घाटावर बसवून तूच सांग सगळं, पहिल्या प्रवेशापासून. जमलं तर वहीत परत लिहून ठेव.

बाजसिंगचं काम मी करतो.

तुझाच,
विन्या