शर्वरीच्या नोकरीचं

प्रिय दिन्या,

तुझ्या फोनला उत्तर दिलं नाही, राग आला असेल. तो भेटीत काढ, आधी हे वाच. माझी साखर ठीक, आईचे गुडघे तसेच.

आपल्या पोरीला, शर्वरीला, एका विमान कंपनीकडून बोलावणं आलंय. एटीआरवर, म्हणजे त्या पंख्याच्या प्रवासी विमानावर, को-पायलट म्हणून. आणि घरात पेढ्यांच्या आधी भांडण सुरू झालं. धाकट्याचं म्हणणं, पंख्याच्या विमानाचा शिक्का एकदा बसला की पोट्टी जन्मभर तिथंच राहील. त्यापेक्षा नहराजवळच्या बांध्या विकू आणि तिला एअरबस ३२० या जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीचं विमान उडवायचा परवाना, करून देऊ. तिच्या बॅचच्या काही पोरांनी केलंय तसं. पण त्यांच्या हातात कागद आहे, नोकरी नाही, आणि विमान हातात नसलं की ते रेटिंग शिळं होतं. पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे. २०१९ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा बोईंग ७३७चे हजारो तास असलेल्या माणसांनाही एअरबसकडे जायचं तर नव्यानं रेटिंग करावं लागलं. शर्वरीच्या गाठीला तर लायसन्सपुरते २०० तास, तेही छोट्या विमानांवरचे.

तू वायुसेनेत एएन-३२च्या पंख्यांखाली नोकरी काढलीस, म्हणून हे तुलाच लिहितोय. इथं बाकी सगळ्यांना विमान म्हणजे विमान. कामठ्याच्या बाजारात आपलं भांडण झालं होतं ना, भजेवाल्यानं कढई बाजूला सरकवली होती इतकं? तू म्हणाला होतास, ज्याला पंखा कळला त्याला जेट शिकवावं लागत नाही. मी आजही म्हणतो, लागतं! एटीआरवर ताकद कमीजास्त केली की पाय हलतो, आणि विमानाचा तोल साधणारं ट्रिम सतत हाताशी. एअरबसमध्ये विमान वळवायची काडी बाजूला, ट्रिम संगणक करतो, आणि ऑटोथ्रस्टवर इंजिनाचा जोर आपोआप बदलला तरी लिव्हर जागच्या जागी. पंखा हवेला अडवतो म्हणून एटीआर लवकर मंदावतं; जेट खाली येताना घसरतच राहतं, त्याचा वेग कधी मोडायचा ते खूप आधी ठरवावं लागतं. जुनी सवय हातातून जाता जात नाही, आणि घाईच्या क्षणी तीच आधी वर येते.

मला झोप लागत नाही ती याच गोष्टीनं. फेब्रुवारी २०१५चा तैपेईचा अपघात तुला ठाऊक आहे. एटीआर ७२-६०० होतं. बिघाड उजव्या इंजिनाच्या बाजूला, कॅप्टननं मागे ओढलं डावं, चांगलं. ४३ माणसं गेली. तो जुन्या एटीआरवरून ६००वर येऊन काही महिनेच झाले होते. एकाच विमानाच्या दोन पिढ्यांत एवढं, तर पंख्यावरून जेटवर जाताना किती जपून शिकवायला हवं!

तरी माझं मत एटीआरचंच आहे. रोजचे टेकऑफ, रोजचं लँडिंग, पावसाळ्यातल्या लहान धावपट्ट्या: हे सिम्युलेटरचा कागद देत नाही. ओसरीच्या भिंतीला तिनं एटीआरच्या कॉकपिटचं पोस्टर चिकटवलंय. समोर खुर्ची मांडून डोळे मिटून बसते. मी "डावं गेलं" म्हटलं की उजवा पाय दाबते आणि स्वतःशी पुटपुटते, "रिकामा पाय, मेलेलं इंजिन," म्हणजे ज्या पायावर जोर नाही, त्या बाजूचं इंजिन गेलं. मग हात हळू लिव्हरकडे जातो, पण पकडायच्या आधी थांबतो, पुन्हा खात्री करतो. तो थांबलेला हात पाहिला की मला बरं वाटतं. बिरसीच्या विमानतळावर २०२३च्या डिसेंबरात हैदराबादचं एटीआर यायला लागलं, तेव्हा कुंपणाशी सगळ्यात पुढं हीच उभी होती. आता तीच विचारते, "बाबा, मी अडकणार तर नाही ना?"

अडकण्याची भीती खोटी नाही. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असतो, आणि सुटायचं ठरवलं तरी को-पायलटला सहा महिने आधी सांगावं लागतं. कंपनीकडे एटीआर आणि एअरबस दोन्ही असतील तर वाट सोपी, नसतील तर आजच विचारून घ्यायला हवं. हे मी सांगितलं की तिला बापाची काळजी वाटते. तू सांगितलंस की शिकवण वाटेल. धाकट्याशीही तूच बोल, माझ्याशी तो आता बांध्यांच्या भावाशिवाय बोलत नाही. आणि तिथं बाजाराचं भांडण उकरू नकोस, बापा.

मेघाचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन. वहिनींना नमस्कार. तुझं कंबरेचं दुखणं कसं आहे?

शुक्रवारपर्यंत तिला होकार कळवायचाय. गुरुवारी रात्री आठनंतर फोन कर, सगळे घरी असतील. रोवणीची माणसं तेव्हा गेलेली असतात.

तुझा,
वसंता