ज्यांची नावे ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

आमच्या आईंच्या आजारपणात आणि निधनानंतर ग्वाल्हेरमधील ज्या अनेकांनी आम्हांला आधार दिला, त्यांतील कित्येकांची नावेही विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

१९१८ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय जिथे सुरू झाले, त्या या शहरात आईंनी घरच्या ओसरीवर चाळीस वर्षे ख्याल आणि टप्पा हे गायनप्रकार शिकवले, मैफली गाजवल्या आणि एवढे मोठे कुटुंबही एकत्र राखले. पोळ्या करता करता शिकवणी चाले. शिष्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली की त्यांचे लाटणे जागच्या जागी थांबे, आणि तेवढ्यानेच त्याला चूक कळे.

मध्यरात्री रक्त देऊन निघून गेलेल्या तरुणाचे आणि शोकसभेच्या सतरंज्या अंथरणाऱ्या मुलींचे आम्ही ऋणी आहोत. तेराव्याला एक वृद्ध गृहस्थ आले, त्यांनी आईंच्या तानपुऱ्याची तुटलेली तार बदलली, तारांखालच्या घोडीवरचा दोरा हळूहळू सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, मोकळी केली आणि चहाही न घेता ते गेले. त्यांनी पुन्हा अवश्य यावे. तानपुरा आईंच्याच खोलीत, काळी चार या पट्टीत लावून ठेवला आहे.