फुटलेलं इंजिनही सर्वांसमोर खोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटार शर्यतींच्या बातम्यांत ‘इंजिन बिघाडामुळे माघार’ एवढी एक ओळ येते आणि खेळाडूचं दुर्दैव म्हणून विषय संपतो. इंजिन रिबोरिंगच्या (झिजलेले सिलिंडर पुन्हा कातून देण्याच्या) धंद्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे पटत नाही. शर्यतीच्या गाड्या घडवणाऱ्या करीवर्धन यांनी मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही एकआसनी शर्यतीची गाडी उभी केली. आजच्या फॉर्म्युला एलजीबी या तशाच गाडीतही मारुतीचंच १.३ लिटरचं इंजिन असतं. ही इंजिनं आपल्या गॅरेजांच्या रोजच्या ओळखीची आहेत. ती का जातात हे शोधता येतं.

बहुतेकदा घोळ ऑइलचा असतो. मूळ सम्प, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, रस्त्यावरच्या गाडीसाठी बनवलेला. शर्यतीच्या टायरवर लांब वळण जोरात घेतलं की ऑइल एका बाजूला चढतं, पिकअपची (ऑइल ओढणाऱ्या नळीची) जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. एक-दोन सेकंदांचाच प्रकार, पण तेवढ्यात कॉनरॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग कोरडं पडतं. रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो तो पुढच्या सरळ पट्ट्यावर, म्हणून सगळे जादा आरपीएमला दोष देतात. नवं इंजिन बसतं, सम्प मात्र जुनाच! त्यात ऑइल अडवणारे पत्र्याचे पडदे घातले असते तर दुसरं इंजिन वाचलं असतं.

कारण कळायचं तर पुरावा जपावा लागतो. गाडी थांबली की ‘बघू तरी’ म्हणत पुन्हा स्टार्टर मारू नये. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढावं, फिल्टर कापून आतला कागद उलगडावा. त्यातला चुरा चुंबकाला चिकटला तर लोखंड. नुसताच चमकला तर पिस्टनचं अॅल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू. स्पार्क प्लग सिलिंडरच्या क्रमानं मांडावेत. प्लगच्या टोकाच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक राखाडी ठिपके दिसले तर डिटोनेशननं, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन भलतंच भडकल्यानं, पिस्टन खाल्लाय. बेअरिंगं शाबूत आणि व्हॉल्व्ह वाकलेले असतील, तर पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला होता का, हे ड्रायव्हरला न रागावता विचारावं. तिथे इंजिनाचा वेग आवरणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही; तो पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, पण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. हे सगळे भाग संध्याकाळी एकाच खोक्यात कोंबले की पुढे कुणालाच काही सांगता येत नाही.

माझी मागणी साधी आहे. शर्यतीनंतर तांत्रिक तपासनीस नियम पाळले की नाही हे पाहायला जिंकलेल्या गाडीचं इंजिन खोलतात. तसंच फुटलेलं इंजिनही त्याच संध्याकाळी सर्व संघांसमोर खोलावं, कारण सूचनाफलकावर लिहावं आणि आयटीआयच्या मुलांना बघायला बोलवावं. संघ गुपितं पुढे करतील, पण सगळ्यांना एकसारखंच इंजिन दिलेल्या शर्यतीच्या वर्गात लपवायचं काय? शिवाय हौशी संघाला इंजिनाचा खर्च झेपत नाही. दोन फुटली की पोरगं खेळ सोडतं. हे मला फार लागतं.

सुरुवात कोल्हापुरातल्या कार्टिंगपासून (छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून) करावी. तिथलं छोटं टू-स्ट्रोक इंजिन खोलायला वेळ लागत नाही. टेबल, व्हाइस, मायक्रोमीटर आणि मोजमापाला दोन माणसं मी माझ्या वर्कशॉपमधून पाठवीन.

— एक रिबोरिंग व्यावसायिक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर