मंदास, दिमोनाहून

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार आणि शालोम, दोन्ही.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे पत्राचे फोटो मिळाले, त्यातला एक आडवा होता, तो आमच्या लेकीने, दीनाने सरळ करून दिला. फोनवर बोलू म्हणतेस, पण फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडतेस. शाळेतही तोडायचीस. म्हणून लिहितेच आहे.

अन्वीचं वाचलं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्या बाईंनी विचारलं, "तू नक्की कोण गं? मराठी तर छान बोलतेस, मग आडनाव असं कसं?" आणि पोर घरी येऊन तुला विचारते की आजी, मी मराठी का मल्याळी, हिंदू का ख्रिश्चन. तू काय म्हणालीस, तर "तू आमची सोनू." मंदे, ही पळवाट झाली. नऊ वर्षांच्या मुलीला पळवाट बरोबर कळते. आणि आता मला विचारतेस, "तुम्ही लोक तुमच्या पोरांना काय सांगायचात?"

या बाबतीत तू विचारलंस मात्र योग्य माणसाला. "तुम्ही नक्की कोण" हा प्रश्न आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या मागे अलिबागपासून इथे इस्राएलच्या वाळवंटापर्यंत आला आहे.

तुला आठवत असेल, इस्राएल आळीत आमच्या ओटीवर आजोबा बसायचे आणि तूही आमच्याबरोबर गोष्ट ऐकायला यायचीस. गोष्ट एकच असायची. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका जिवंत राहिल्या, वाहून आलेली प्रेतं गावकऱ्यांच्या मदतीने तिथेच पुरली. धर्माची पुस्तकं समुद्रात गेली. उरली ती 'शेमा'ची प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि काय खायचं, काय नाही याचे नियम. मग घाणे चालवायला घेतले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणू लागले शनवार तेली. नवगाव, किहीम, पेण, दिवे, जिथे राहिलो त्या गावाचं आडनाव लावलं. आजोबा म्हणायचे दोन हजार वर्षं झाली. पुरावा विचारला तर म्हणायचे, "पुस्तकं बुडाली म्हटलं ना!" इतिहासकारांचं अजून जमलेलं नाही, कुणी आणखी मागे नेतात, कुणी बरंच अलीकडे आणतात. आजोबांचं काही अडलं नाही.

आता विचार कर, त्या गोष्टीत "आम्ही अमुक आहोत" असं एकही वाक्य नव्हतं. कोण कुठून आलं, कुणी मदत केली, पोटासाठी काय केलं, एवढंच. आमच्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, लग्नाआधी मेंदी होती, गायीचं मांस घरात आणायचं नाही हे शेजारधर्मातून आलेलं होतं. मांसात दूध चालत नाही म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. तो रस्सा तुझ्या बाबांनी खाल्ला होता आणि "आमच्याच्यासारखाच, पण जरा सौम्य" असा निकाल दिला होता. तुम्ही सीकेपी, मटणाच्या बाबतीत जन्मजात परीक्षक. आमच्या आईने तो निकाल वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला.

लोकांनाही आमचं नीट कळत नसे, पण त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. मुंबईचं १७९६ सालचं आमचं पहिलं सिनेगॉग, त्याला सगळे जुनी मशीद म्हणत. पुण्यातलं ओहेल डेव्हिड मात्र लाल देऊळ. ते बगदादी यहुद्यांनी बांधलेलं, आमचं नव्हे, पण पुण्याच्या रिक्षावाल्याला तो फरक कुणी सांगत बसावा? मशीद म्हणा, देऊळ म्हणा, आत आमचा धर्मग्रंथ, तोरा.

पण मंदा, ही झाली गोष्टीची गोड बाजू. सगळे हीच सांगतात. जहाज, नारळ, मालिदा म्हणजे नवसाचं गोड पोह्यांचं ताट, आणि भारतात आम्हाला कुणी छळलं नाही. हे खरंच आहे, मी हजारदा सांगेन. पण अन्वीला एवढंच सांगून भागणार नाही, म्हणून तुला आमच्या घरात दबक्या आवाजात बोललं जायचं ते लिहिते. तुला यातलं अर्धंच माहीत असेल.

आमच्यात गोरे आणि काळे असा भेद होता. रंगाचा नव्हे. बाप आमचा आणि आई बाहेरची असेल, तर ती मुलं 'काळे इस्राएल', आणि पुढे त्यांच्या पिढ्याही तशाच. लग्नव्यवहार नाही, त्यांच्या भांड्यातलं खायचं नाही. आम्ही मोठ्या होईपर्यंत हे बरंच विरलं होतं, पण मेलं नव्हतं. आळीच्या टोकाला एक घर होतं, नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं अजून आहेत. त्या घरी आजोबा जायचे, गप्पा मारायचे, पण पाणी प्यायचे नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "त्यांना तहान लागत नाही."

आणि मग आला १९६१चा हिवाळा. माझी धाकटी आत्या तेव्हा इकडे इस्राएलात, बीरशेबाला होती, तुला तिच्या वेण्या आठवतील. तिचं लग्न ठरलं एका इराकी यहुदी मुलाशी. इथे यहुद्यांना लग्न रब्बींच्या धर्मपीठाकडेच नोंदवावं लागतं. त्याच सुमारास लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना गेली होती की बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या यहुद्यांशी लग्न करत असेल तर तिच्या आईची आई, तिची आई, अशी जमेल तितकी मागे चौकशी करा. कुणी बाहेरची तर आली नाही ना? घटस्फोट, पुनर्विवाह रीतसर झाले होते ना? आत्याने घरी पत्र लिहिलं: बाबा, तुमच्या आजीचं माहेर कुठलं, तिच्या आईचं नाव काय, दाखला मिळेल का?

दाखला! अलिबागच्या आमच्या सिनेगॉगमध्ये, मागेन आबोथमध्ये जी जुनी वही होती ती काढली, पेणला माणूस पाठवला. तीन पिढ्यांपलीकडे बायकांची नावंच कुणी लिहून ठेवली नव्हती. आजोबा दिवसभर ओटीवर बसून होते. तेव्हा आजी आतून म्हणाली, आणि ते वाक्य मी अकरा वर्षांची होईस्तोवर घरात बरेचदा ऐकलं, "आयुष्यभर दुसऱ्याच्या पानात काय वाढलंय ते बघितलंत. आता कुणीतरी आपल्या पानात बघतंय."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. देशभरातल्या आमच्या लोकांनी निदर्शनं केली. १९६४च्या उन्हाळ्यात बायका-मुलांसकट, वळकट्या घेऊन लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. आत्याही तिथे होती. भाताचं पातेलं घेऊन गेली होती म्हणे. शेवटी १७ ऑगस्टला क्नेसेटची, म्हणजे इथल्या संसदेची खास बैठक भरली आणि ठराव झाला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, इतरांच्या बरोबरीचे. त्याच महिन्यात सूचनेतून आमचं नाव वगळलं गेलं. आत्याचं लग्न त्या दिवाळीच्या आसपास झालं. इराकी सासूने तिला पहिल्यांदा काय विचारलं माहीत आहे? "तुमच्याकडे हत्ती होते का?"

आणि आजोबा? ते त्या टोकाच्या घरी गेले आणि पाणी मागून प्याले, असं मला तुला लिहायला आवडलं असतं. गेले नाहीत. आजी गेली. काय बोलली ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पुढच्या मालिद्याचं ताट त्या घरी गेलं आणि त्या घरचं ताट आमच्याकडे आलं. आजोबांनी त्यातलं केळं खाल्लं, पोहे खाल्ले नाहीत. केळ्याला साल असते ना!

हे सगळं मी दीनाला सांगितलं तेव्हा ती वीसेक वर्षांची होती आणि माझ्यावर चिडली, की इतकी वर्षं तू मला फक्त सात जोडपी आणि जहाज सांगत होतीस. बरोबरच होतं तिचं. शाळेत तिला मुलं 'होदीत', म्हणजे भारतीण, म्हणायची, आणि ती घरी येऊन मराठी बोलायला नकार द्यायची. आत्याची आणि आजीची गोष्ट ऐकल्यावर तिने उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली: त्या घरातली माणसं कुठे गेली, त्यांच्यातलं कुणी इकडे आलं का. आलं होतं. अश्दोदला आहेत. आता त्यांच्याकडच्या लग्नाला आम्ही जातो.

मग याच दीनाने लग्न केलं मोरोक्कन मुलाशी. दिमोनात हे व्हायचंच होतं. हे गाव १९५५ला वसवलं तेच मुख्यतः मोरोक्कोहून आलेल्या लोकांनी, आम्ही त्यांच्या नंतरचे. विहीणबाई मसूदा मेकनेसची. घरी अरबी, थोडी फ्रेंच, आणि हिब्रू माझ्याइतकीच वाकडी. आम्ही दोघी एकमेकींशी मोडक्या भाषेत बोलतो आणि आमचा नातू इताय मध्ये बसून दोघींच्या चुका सुधारतो.

पहिल्यांदा आमच्याकडे मालिदा होता तेव्हाची गंमत सांगते. ताटात गोड पोहे, त्यावर खोबरं, वेलची, पाच प्रकारची फळं, गुलाब. आमचे लोक एलियाहू हन्नबीची आळवणी म्हणताहेत. मसूदा दारातच थांबली. दीनाला बाजूला घेऊन म्हणाली, "ही मूर्तिपूजा तर नाही ना?" मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण दीना म्हणाली, "आई, तिला खंडाळ्याचं सांग." मग मी तिला अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या त्या खडकाचं सांगितलं, जिथे एलियाहू संदेष्टा रथातून आला आणि चाकाच्या खुणा उमटल्या असं आपण मानतो, जिथे लोक नवस बोलतात आणि फेडायला मालिदा करतात. ऐकता ऐकता ती खाली बसली. आणि मग तिने सुरू केलं, तिच्याकडे संतांच्या थडग्यांवर कशा जत्रा भरतात, मेणबत्त्या लावतात, तिथेच रात्र काढतात, तिच्या आईने मूल व्हावं म्हणून कुठे नवस केला होता. मेकनेसच्या त्या मेल्लाहमधल्या, म्हणजे यहुद्यांच्या वस्तीतल्या शेजारणी, मुसलमान बायकाही त्यांच्या साधूकडे यायच्या म्हणे. पोहे तिने दोनदा घेतले. मूर्तिपूजेचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता इतायच्या डोक्यात या सगळ्याचं काय होतं विचारू नकोस. लहान असताना त्याने वर्गात सांगितलं होतं की सात जोडपी जहाजाने अलिबागला उतरली आणि तिथून बसने मेकनेसला गेली. बाई हसल्या, याला कळेना का. आता तो मोठा आहे, सगळं वेगळं वेगळं कळतं, तरी मालिद्याला टोपी बापाकडची घालतो आणि पोह्यांत खोबरं कमी पडलं तर मला बोलतो.

तेव्हा अन्वीबद्दल माझं ऐकणार असशील तर तिला ओळखीचं नाव काय लावायचं ते शिकवू नकोस. ते ती तिचं ठरवेल, आणि दर पाच वर्षांनी बदलेलही. तिला माणसं सांग. तुझ्या सासऱ्यांचं, त्यांनी भाताच्या खाचरापायी भावाशी घेतलेलं वैर सांग. आणि कोट्टायमच्या आजीला सांगू दे. तू तिथे शेजारी बसून ऐक. तूच लिहिलं होतंस ना, चर्चमधल्या लग्नात जावयाने सुनीताच्या गळ्यात मिन्नू बांधला, तो साडीतून काढलेल्या सात धाग्यांत ओवलेला, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं कारण तुला मंगळसूत्रच दिसलं. हे अन्वीला सांगितलंस का? त्या लोकांची गोष्टही समुद्रावरूनच येते, संत थॉमस केरळच्या किनाऱ्यावर मुझिरिसला उतरला म्हणतात, इसवी सन ५२. माझे आजोबा असते तर दोघांनी मिळून जहाजांचा हिशेब मांडला असता.

आणि दुसरंही सांग. अरविंदराव त्या लग्नाला आले नव्हते हे अन्वीपासून किती दिवस लपवणार? अल्बममध्ये आजोबा कुठेच नाहीत हे ती आज ना उद्या बघेल. त्यांनाच सांगायला लाव. सुरुवातीला का गेले नाहीत, मग कुणामुळे बोलायला लागले, पहिल्यांदा कोट्टायमला गेले तेव्हा काय झालं. तू मला लिहिलं होतंस की त्यांनी व्याह्यांबरोबर पत्ते खेळले आणि हरले. हे ऐकून पोर खूश होईल. लिफ्टमधल्या बाईंना काय सांगायचं ते मग तिचं तीच बघेल. मला तर वाटतं ती त्यांना इतकं सांगेल की त्या पुढच्या वेळी जिन्याने जातील.

तुझं "मुलं लहान आहेत, त्यांना कशाला" हे मला पटत नाही, मंदा. जे लपवलंय ते मुलं आपल्यात काहीतरी खोट आहे असं धरून चालतात. दीनाने तेच धरलं होतं.

बरं, आता कामाचं. सुनीता डिसेंबरात इकडे येणाऱ्या त्या ग्रुपबरोबर येणार असेल तर तिच्याबरोबर वाल पाठव, कडवे, अलिबागचेच. इथे दुकानात मिळतात ते शिजायला उद्या उगवतो. आणि एक: नवगावला स्मारक आहे तिथे अन्वीला घेऊन जा, येताना मागेन आबोथमध्येही डोकाव. इतायला फोटो हवेत, पण नुसत्या दगडाचे नकोत, त्यात अन्वी उभी असली पाहिजे असं त्याने बजावून सांगितलंय. त्याला तिच्याशी बोलायचं आहे. कोणत्या भाषेत बोलणार ते मी विचारलं नाही.

अरविंदरावांना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते तू पत्रात शिताफीने टाळलं आहेस, ते पुढच्या वेळी लिही.

तुझी,
सिपोरा

ता. क. मसूदाने तुला सलाम सांगितला आहे. तिला वाटतं आमच्या अलिबागमध्ये सगळ्या बायकांचं नाव मंदाच असतं, कारण माझ्या प्रत्येक गोष्टीत तूच असतेस.