शुक्रवारी फोन का उचलत नाही

गॉटिंगेन, फेब्रुवारी

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

मी मजेत आहे. स्वेटर घालते, दूध पिते, एकटी रात्री-बेरात्री फिरत नाही. नेहमीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं झाली. राहिला शुक्रवार. तुमच्या साडेदहाला माझा फोन लागला नाही म्हणून आई, तू दादाला झोपेतून उठवलंस, असं वहिनीने कळवलं. अगं, तेव्हा इथले सहा वाजलेले असतात आणि मी खेळत असते. फोन टेबलावर आणायचा नाही हा तिथला नियम आहे, माझा नव्हे.

त्यात फासे असतात हे ऐकून तुला शकुनीमामा दिसला म्हणे. पैशाचा काडीचा संबंध नाही. नीट सांगते. इथली नोकरीधंद्याची, पोराबाळांची माणसं टेबलाभोवती बसतात. सहा म्हणजे सहाला. पाच मिनिटं उशीर झाला तर कोणी बोलत नाही, फक्त घड्याळाकडे बघतात. खाऊ ज्याचा त्याने आणायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते कागदावर उतरवायचं: ताकद किती, अक्कल किती. एक जण सूत्रधार. तो म्हणतो, समोर दरी आहे, काय करता? आपण म्हणायचं, उडी मारते. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि आकडा कमी आला की पडायचं. पडायचं तेही तोंडानेच, खुर्चीवरून कोणी उठत नाही. असं पाच तास. आपल्या दशावतारात संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे जुळवतात, तसंच समजा. फक्त इथे रंग लावत नाहीत, ऑफिसच्या शर्टातच राक्षस मारतात. शेवटी जिंकतं कोण, असं बाबा विचारतील. कोणीच नाही.

आमची सूत्रधार ग्रहविज्ञानात पीएचडी करते (त्या विषयाची माक्स प्लांक संस्था याच गावात आहे). तिची अट एकच: अचाट शक्ती हवी तर सूर्यमालेतून उचला, आणि जिथून उचलाल तिथली अडचणही पदरात घ्या. एकीला उडायचं होतं. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं, पण हवाच नाही तर पंख मारणार कशावर? म्हणून तिने शनीचा चंद्र टायटन घेतला. तिथे वजन सातवा हिस्सा आणि हवा आपल्या चौपटीहून दाट, म्हणजे हातांना पंख बांधले तरी माणूस उडेल. पण ती हवा उणे १७९ अंशांची, आणि तिच्यात ऑक्सिजन नाही. तेव्हा जेवढा वेळ श्वास रोखता येईल तेवढंच उड्डाण. तिच्याभोवतीच्या हवेत मिथेन आहे, मशाल लावून शत्रूला उडवू, असं एकाने काढलं. मिथेन साधारण ५ टक्के. आत जाळायला ऑक्सिजन नाही, आणि बाहेरची हवा मिसळली की मिथेन इतका पातळ होतो की पेटत नाही. हे पटेपर्यंत मशालवाल्याचा चहा गार झाला. मग सगळ्यांनी टेबलावर बोटांची पेरं ठकठक वाजवली. इथे टाळ्यांऐवजी ते करतात.

बाबा, हे तुमच्यासाठी. एका निवृत्त ग्रंथपालांना शुक्र हवा होता, कारण शुक्र स्वतःभोवती ताशी साडेसहा किलोमीटरने फिरतो. त्यांचं म्हणणं, मी झपाझप चालत राहिलो तर सूर्य मावळणारच नाही, तोवर सगळ्यांची संध्याकाळ लांबते. सूत्रधार म्हणाली, तो वेग ताऱ्यांच्या हिशेबाने, २४३ दिवसांच्या फेरीचा. सूर्य धरून ठेवायचा तर सूर्योदय ते सूर्योदय ११७ दिवस धरावे लागतील. परीघ ३८,००० किलोमीटर घ्या आणि भागून बघा, साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे आजोबांना पळावं लागतं. डोळ्याला ताण न देता करा हं, घाई नाही.

माझं पात्र आयो, गुरूचा चंद्र. युरोपा आणि गॅनिमीड हेही गुरूचेच चंद्र. आयोच्या चार फेऱ्यांत युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. या ठेक्यामुळे आयोची कक्षा पुरती गोल होऊच शकत नाही. ती कधी गुरूच्या जवळ, कधी लांब, आणि त्या कमीजास्त ओढीने तिचं अंग आतून पिळवटून तापतं, दगड वितळतो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणिताने मांडलं मार्च १९७९ मध्ये, आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ यानाला तिथले जिवंत ज्वालामुखी दिसले. खेळात माझा डाव दर फेरीला, युरोपाचा दोन फेऱ्यांनी, गॅनिमीडचा चारांनी. तिघांतला एक जरी आला नाही तरी ठेका तुटतो आणि मी थंड पडते. म्हणून शुक्रवार चुकवत नाही. युरोपा म्हणजे एक दातांचा डॉक्टर आहे. त्याला बायको आणि दोन मुलं आहेत, आई.

खेळायला वेळ आहे आणि चतुर्थीला यायला नव्हता, असं दादा बोलला नाही, पण फोनवर गप्प बसला. रजा शिल्लक नव्हती हे खरं. तिकीट महाग होतं हेही खरं. आणि बाबा, ऑपरेशनच्या दिवशी मी फोनवर जरा जास्तच हसत होते, ते मनावर घेऊ नका.

आता पैशाचं. पडवीच्या वाशांसाठी ६०,००० म्हटलं होतं, ४०,०००च पाठवते आहे. हीटिंगचा वर्षाचा हिशोब आला, घरमालकाने फरक मागितला. उरलेले पुढच्या महिन्यात. कर्जाचा हप्ता वेळेवर जातो, बँकेत जाऊन विचारू नका.

मावशीने म्हापशाचं स्थळ पाठवलंय ते बघितलं. मुलगा फोटोत तरी बरा वाटतो. पत्रिकेत मंगळ आहे हे तिने आधीच सांगून टाकलं ते बरं झालं. त्या ग्रहाचं गुरुत्व आपल्या ३८ टक्के, हवेचा दाब एक टक्क्याहूनही कमी, आणि आजवर माझी स्थळं परत पाठवली त्यानेच. नंबर पाठव, मीच फोन करते. होकार आहे असं मात्र मावशीला एवढ्यात कळवू नकोस.

सुताराला सगळे पैसे आगाऊ देऊ नका. वासे उतरवून वाळवी कुठवर गेली आहे ते दादाने आधी स्वतः बघावं.

तुमची,
धाकटी