अहवालात २१४, आमच्या वहीत ३१

दि. १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक,
जाहिरात विभाग, नाशिक

विषय: नोव्हेंबर ते जानेवारीमधील गूगल जाहिरातींचे दिशाभूल करणारे अहवाल, जाहिरात खात्याचा ताबा व सेवाशुल्काचा परतावा

महोदय,

इंदिरानगरमध्ये आमचे सोलर वॉटर हीटर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. पती आणि दीर गच्चीवरची कामे करतात, मी फोन आणि हिशेब सांभाळते. आमचा धंदा थंडीचा. निफाडचा पारा उतरला की फोन सुरू होतात. कुणाची ट्यूब फुटलेली असते, कुणाच्या टाकीत बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले असतात, कुणाची बॅकअप कॉइल जळालेली असते. म्हणून हंगामाच्या तोंडावर रोज ६०० रुपये बजेट ठरवून आम्ही गूगलवरच्या जाहिरातीचे काम आपल्या एजन्सीकडे दिले. तीन महिन्यांत जाहिरातीवर ५३,४६० रुपये गेले आणि आपले सेवाशुल्क १८,००० रुपये झाले. जीएसटी वेगळा.

आपल्या अहवालात १,९८० क्लिक आणि २१४ कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीवरून मिळालेले ग्राहक म्हणून धरलेली नोंद, आहेत. मी प्रत्येक फोनला ‘आमचा नंबर कुठे मिळाला?’ असे विचारून वहीत लिहिते. त्या वहीत तीन महिन्यांत गूगलवरून आलेले फोन ३१ आहेत आणि त्यातून मिळालेली कामे १९. डिसेंबरमध्ये मी ही तफावत कळवली, तेव्हा ‘लोक नंतर फोन करतात’ असे उत्तर मिळाले. मी त्यावर विश्वास ठेवला आणि जानेवारीचेही पैसे भरले.

७ फेब्रुवारीला आपल्या कार्यालयात येऊन मी खाते उघडून दाखवायला लावले, तेव्हा उलगडा झाला. आमच्या वेबसाइटवरचे ‘संपर्क’ पान नुसते उघडले तरी ते कन्व्हर्जन धरले जात होते. शिवाय मोजणी ‘एक’ऐवजी ‘प्रत्येक’वर ठेवलेली होती, म्हणजे एकाच माणसाने जाहिरातीवरून येऊन ते पान तीनदा उघडले तर तीन ग्राहक. जाहिरातीतून थेट फोन लागला का, तो किती सेकंद चालला, पानावरच्या नंबरवर कुणी बोट लावले का, हे सगळे मोजता येते. त्यातले काहीच सुरू केलेले नव्हते. आम्हाला फक्त फोन हवे आहेत, हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते.

त्याहून जास्त वाईट वाटले ते सर्च टर्म्स रिपोर्ट पाहून. लोकांनी काय शोधले तेव्हा आमची जाहिरात दिसली, ते त्यात असते. गूगल त्यात सगळे शोध दाखवत नाही हे मला माहीत आहे, पण जेवढे दिसले तेवढे पुरे होते. ‘सोलर पॅनल सबसिडी’, ‘सूर्यघर योजना अर्ज’, ‘सोलर टेक्निशियन नोकरी’. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घराच्या छतावरच्या वीज पॅनलसाठी तिच्यात ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे लोक ते शोधणारच. त्यांना पाणी तापवणाऱ्या ट्यूबच्या दुरुस्तीशी काय देणेघेणे? सगळे कीवर्ड ब्रॉड मॅचवर होते, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसत होती, आणि निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवू नये त्यांची, यादी कोरी होती. सबसिडी, योजना, पॅनल, नोकरी हे चार शब्द पहिल्या आठवड्यातच तिथे टाकायला हवे होते. महिन्याला ६,००० रुपये आम्ही याच कामाचे देत होतो.

ठिकाणाचेही तेच. नाशिकमध्ये असलेल्यांबरोबर नाशिकमध्ये ‘रस असलेल्यांनाही’ जाहिरात दाखवणारा, आधीपासून निवडलेला पर्याय तसाच राहिला. सिंहस्थामुळे सध्या देशभरातून लोक नाशिकबद्दल शोधत आहेत. मुंबई, सुरत, इंदूरचे क्लिक मी स्वतः पाहिले. तिथल्या गच्चीवर आमची माणसे जाणार नाहीत.

एक तक्रार मात्र मी मागे घेते. एका दिवशी १,१४० रुपये खर्च झाले म्हणून मी आपल्या प्रतिनिधीला रागावून बोलले होते. गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते आणि महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीत राखते, हे मी नंतर वाचले. त्यात त्यांची चूक नव्हती.

खात्याबद्दल विचारल्यावर ‘खाते एजन्सीचे आहे, ॲडमिन ॲक्सेस देता येणार नाही’, म्हणजे खात्याचा पूर्ण ताबा मिळणार नाही, असे सांगितले गेले. त्या जाहिरातींवर आमचे नाव आहे, आमचा नंबर आहे आणि पैसाही आमचा आहे. उद्या दुसऱ्याकडे काम दिले तर तीन महिन्यांची सगळी माहिती सोडून आम्ही नव्याने सुरुवात करायची का? ग्राहकाने मागितल्यास खात्याचा कस्टमर आयडी (खाते क्रमांक) द्यावा आणि खर्च, क्लिक व इम्प्रेशनची (जाहिरात किती वेळा दिसली त्याची) माहिती दरमहा द्यावी, असे गूगलचेच एजन्सींसाठीचे धोरण आहे. मला ना आयडी मिळाला, ना इम्प्रेशनचा आकडा.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खात्याचा ॲडमिन ॲक्सेस, तिन्ही महिन्यांचा सर्च टर्म्स रिपोर्ट आणि चेंज हिस्टरी (खात्यातल्या बदलांची नोंद) द्यावी. तीन महिन्यांत खात्यात किती वेळा हात लावला गेला ते त्यात दिसेल. सेवाशुल्काचे १८,००० रुपये परत करावेत आणि नाशिक जिल्ह्याबाहेरच्या क्लिकवर गेलेली रक्कम काढून तीही भरून द्यावी. जिल्ह्यात झालेल्या क्लिकचे पैसे मी मागत नाही, कारण त्यातूनच १९ कामे आली. तोवर जाहिरात बंद ठेवावी.

आमचे घर याच दुकानावर चालते. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्यालाही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक म्हणून दाद मागता यावी, असे माझे म्हणणे आहे. मुदतीत उत्तर आले नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
सोलर हीटर दुरुस्ती दुकानाची हिशेबनीस व भागीदार
इंदिरानगर, नाशिक

सोबत: फोनच्या वहीतील पानांच्या प्रती, आपले तीन अहवाल, पैसे भरल्याच्या पावत्या