यॉर्कचा तट उतरून शेतात शिरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरावरचा लेख वाचला. लंडनहून सकाळच्या गाडीने जावं, मिन्स्टर (तिथलं मोठं चर्च) आणि शॅम्बल्सची जुनी गल्ली बघावी, फोटो काढावेत आणि दुपारी एडिंबराची गाडी धरावी, असा त्यात सल्ला आहे. मी यंदा मे महिन्यात मुलीकडे यॉर्कला 21 दिवस राहून आलो, त्यामुळे गप्प बसवेना. पत्र लांबलं तर कात्री लावा, फक्त शेतातल्या वाटांचा भाग ठेवा.

आधी एक दुरुस्ती. लेखात शहराचा तट 'रोमन' म्हटला आहे. रोमनांनी इ. स. 71 च्या सुमारास तिथे छावणी टाकली हे खरं, आणि त्यांच्या एका बुरुजाचा खालचा भाग म्युझियमच्या बागेत अजून उभा आहे. पण आपण ज्यावरून चालतो तो दगडी तट बहुतेक तेराव्या-चौदाव्या शतकातला. फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची. आतल्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडा नाही, नातवंडांचा हात सोडू नये. पूर्वेला हा तट एकाएकी संपतो आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा सुरू होतो. मला वाटलं मधला पडला असेल. तर तसं नाही. फॉस नदी अडवल्यामुळे तिथे मोठं तळं आणि दलदल झाली होती. शत्रू तिकडून येणार नव्हता, म्हणून भिंतच घातली नाही. अंदाजपत्रकात काटकसर करणारा कुणीतरी तेव्हाही होता म्हणायचा.

तिथल्या नावांनी माझी चांगलीच फजिती केली. यॉर्कात रस्त्याला 'गेट' म्हणतात (हा व्हायकिंग लोकांचा शब्द, त्यांनी 866 मध्ये शहर घेतलं होतं), वेशीला 'बार' म्हणतात आणि बारला 'पब'. मुलीने पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं, "बाबा, मिकलगेट बारपाशी थांबा." मी अर्धा तास एका दारूच्या दुकानासमोर उभा, आणि ती वेशीत.

मिन्स्टरबद्दल लेखात पुरेसं आलं आहे. एकच भर घालतो. पूर्वेकडची ती टेनिसच्या कोर्टाएवढी रंगीत काचांची खिडकी जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने 1405 मध्ये करायला घेतली. तीन वर्षांची मुदत होती. 1408 मध्ये काम पुरं झालं आणि वेळेत केलं म्हणून त्याला दहा पौंड बक्षीस मिळालं. मी 34 वर्षं महसूल खात्यात काढली. खिडकीपेक्षा मला त्या मुदतीचंच अप्रूप वाटलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट लागत नाही. मागच्या बाकावर गुपचूप बसावं आणि मुलांचं गाणं ऐकावं.

आता मुद्द्याचं. मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. (तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं असतं. गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) त्यामुळे नव्या गावात गेलो की देवळाआधी माझी नजर गायरानाकडे आणि बांधाकडे जाते. यॉर्कला चक्क गायरान आहे. शहराभोवती 'स्ट्रे' नावाची चराऊ रानं आहेत. शहराच्या हक्कदार नागरिकांना तिथे जनावरं चारायचा पिढ्यान्‌पिढ्या अधिकार होता. घोड्यांच्या शर्यती होतात ते नेव्हसमायर हे अशाच एका स्ट्रेवर आहे, आणि डिक टर्पिन या नावाजलेल्या दरोडेखोराला 1739 मध्ये फाशी दिली तेही तिथेच. हॉब मूर या रानावर तर आजही गाई चरतात. शहराच्या पोटात, चारी बाजूंनी घरं, मधे गवतात गाई रवंथ करताहेत. मी तिथे रोज सकाळी जायचो. जावयाला वाटे सासरे फिरायला जातात. मी अतिक्रमण कुठे झालंय का ते बघत होतो.

दुसऱ्या रविवारी जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला वाटा दाखवतो." गाडीने माल्टन या बाजाराच्या गावापुढे गेलो. (यॉर्कहून तिथे थेट बसही जाते.) तिथून वोल्ड्स नावाच्या खडूच्या दगडाच्या टेकड्या लागतात. जावयांच्या हातात 1:25,000 चा सर्वेचा नकाशा होता आणि त्यावर हिरव्या तुटक रेषा. आपल्या गावनकाशावर पायमार्ग तुटक एकेरी रेषेनेच दाखवतात, तेव्हा मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. रेष जिथे रस्त्याला मिळत होती तिथे खरोखर लाकडी खांब होता, त्यावर पिवळा बाण. कुंपणावरून चढून जायला दोन पायऱ्या. आणि पलीकडे उभ्या गव्हातून सरळ पट्टा गेलेला. दुसऱ्याच्या शेतातून. कुणाला विचारायचं नाही, कुणी हटकायचं नाही.

मी छत्री आडवी धरून पट्टा मोजला. माझी छत्री तीन फुटांची आहे. पट्टा थोडा जास्तच भरला. जावयांनी नियम सांगितला: शेतातून आडवी जाणारी पायवाट नांगरली तर चौदा दिवसांत पुन्हा मोकळी करून द्यायची, रुंदी किमान एक मीटर. बांधाच्या कडेने जाणारी वाट असेल तर ती नांगरायचीच नाही. 1949 च्या कायद्याने कौन्सिलांना अशा सगळ्या वाटांचा पक्का नकाशा करायला लावला आणि त्या नकाशावर जी वाट आली ती कायद्याने सिद्ध. नकाशात नसलेल्या वाटेवरूनही लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, बिनहरकत चालत आले असतील तर तिच्यावर हक्क सांगता येतो. मी भर गव्हात उभा राहून त्यांना दोनदा विचारलं, "आणि हे पाळतात?" ते म्हणाले, "बहुतेक." पुढच्याच शेतात पिवळ्याधमक तेलबियांच्या पिकात वाट गडप झालेली होती. आम्ही कडेने वळसा घातला. कपडे पिवळे झाले, आणि मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

माझ्या सजातल्या (तलाठ्याच्या हद्दीतल्या) एका गावात पाणंदीचा, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेचा, वाद अकरा वर्षं चालला. दोन्हीकडचा ऊस दरसाल वीतभर पुढे सरकायचा. मी किती वेळा स्थळपाहणी केली आणि किती पंचनामे लिहिले ते आता आठवत नाही. शेवटी बैलगाडी जायची त्या जागी सायकल हातात धरून न्यावी लागे. वाटेच्या हक्काचे कागद आपल्याकडेही आहेत. मामलेदार कोर्टाचा कायदा 1906 चा आहे, महसूल संहितेत कलम 143 आहे. आपली जमीन मोजायची साखळीसुद्धा मूळची त्यांचीच. 33 फूट बाय 33 फुटांचा गुंठा म्हणजे गंटर या इंग्रजाच्या 66 फुटी साखळीच्या अर्ध्याचा चौरस.

त्याच दिवशी संध्याकाळी व्हॅरम पर्सीला गेलो. या गावासाठी तरी यॉर्कला एक रात्र राहाच. दरीत उतरावं तर समोर नुसतं गवत. मग ऊन कललं आणि गवतातले उंचवटे सावल्यांनी उठून दिसायला लागले. हा घरांचा चौथरा, हा मागचा परसू, ही मधली खोलगट गल्ली. पांढरी (गावठाण) कुठे संपते आणि काळी (शेतजमीन) कुठे सुरू होते ते मला बोटाने दाखवता आलं. सहा शतकं नांदतं गाव होतं. लोकरीला चांगला भाव, शेतीपेक्षा मेंढ्या परवडतात, असं झाल्यावर 1500 च्या सुमारास जमीनदाराने उरलेली कुटुंबं उठवली आणि नांगरट मोडून कुरण केलं. बिनछपराचं चर्च तेवढं उभं आहे. त्याचाही अर्धा मनोरा 1959 मध्ये ढासळला. 1950 पासून चाळीस वर्षं अभ्यासक इथे उन्हाळ्या-उन्हाळ्याला येऊन उकरत होते. राजाचं काही सापडणार नव्हतं. कुणब्याची चूल कुठे होती, एवढंच शोधत होते.

महसुली दप्तरात आपण अशा गावापुढे 'बेचिराग', म्हणजे वस्ती नसलेलं, असं लिहितो. मी स्वतः नोकरीत दोन गावांपुढे तो शब्द नकलून काढला आहे, पण तिथे कोण राहत होतं हे विचारायला कधी गेलो नाही. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमच्या फौजेने 1069-70 मध्ये हा उत्तरेकडचा मुलूख जाळला, आणि 1086 मध्ये त्याच विल्यमने जवळजवळ सगळ्या देशाच्या जमिनीची नोंद करवून घेतली तेव्हा यॉर्कशरच्या गावांमागून गावांपुढे कारकुनांनी 'ओसाड' असं लिहिलं. तो कारकून तरी जाग्यावर गेला असेल का, असा विचार करत मी त्या गल्लीतून वर-खाली दोन फेऱ्या मारल्या. मे अखेरीला नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. जावई गाडीशी थांबून घड्याळ बघत होते.

तेव्हा आपल्या वाचकांना एवढं कळवावं: एडिंबराची गाडी दुसऱ्या दिवशीची काढा. तळाला पकड असलेले बूट न्या, पाऊस नसला तरी चिखल असतोच. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर आपल्यामागे बंद करा.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
ता. कोरेगाव, जि. सातारा

ता. क. हटन-ले-होल गावात मेंढ्या रस्त्यावर मोकळ्या हिंडतात. त्यांना पार्ले-जी देऊ नये. मी दिलं. बसच्या थांब्यापर्यंत सोबत आल्या.